वकिलाच्या पाटीवर ‘स्पेशालिस्ट’ का लिहिलेलं नसतं?

उदगीरच्या किंवा बिदरच्या दवाखान्यांच्या रस्त्यानं चालत गेलं की पाट्या वाचूनच कळतं कुठं शिरायचं ते. हाडांचे डॉक्टर, लहान मुलांचे डॉक्टर, मूतखड्याचे डॉक्टर. कोर्टाच्या आसपासच्या पाट्या मात्र सगळ्या सारख्याच. नाव, बी.ए. एलएल.बी., खाली ‘वकील’, आणि फार तर फोन नंबर. जमिनीच्या वाटणीचे वकील कोण, फौजदारीचे कोण, हे पाटीवरून कळत नाही. गावातला माणूस मग शेजाऱ्याला विचारतो आणि शेजाऱ्याच्या भावकीच्या भांडणात ज्यांनी काम पाहिलं त्याच वकिलांकडं जातो.

पाट्या अशा असण्याला कारण आहे. वकिलांचा कायदा १९६१ चा. त्याखाली भारतीय वकील परिषदेनं, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियानं, नियम केले. त्यातला ३६ वा नियम सांगतो की वकिलानं जाहिरात करायची नाही, आणि आपण अमुक एका प्रकारच्या कामात तज्ज्ञ आहोत असं पाटीवर किंवा लेटरहेडवर लिहायचं नाही. २००८ मध्ये थोडी सूट मिळाली: स्वतःच्या वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कोणत्या क्षेत्रात काम करतो एवढं देता येतं. त्यापलीकडं काही नाही. नियमामागचा हेतू चांगला आहे, वकिली हा धंदा होऊ नये. पण त्याचा एक परिणाम असा की ज्याला खरोखरच खास माणूस हवा आहे, त्याला तो शोधून काढावा लागतो. आणि असा माणूस हवा असण्याची वेळ सहसा घरात कुणीतरी गेलेलं असताना, किंवा कुणाचा पाय, डोळा, गर्भाशय गेलेलं असताना येते.

हा लेख त्या शोधाबद्दल आहे. डॉक्टर, इंजिनिअर, चार्टर्ड अकाउंटंट, वकील असा कुणीही व्यावसायिक आपल्या कामात निष्काळजी राहिला आणि त्यानं आपलं नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात अवघड दालन दवाखान्याचं, म्हणून बोलणं मुख्यतः त्याबद्दलच करतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. पेशंट वाचला नाही म्हणजे डॉक्टर निष्काळजी होता, असं कायदा मानत नाही. त्या क्षेत्रातला साधारण कौशल्याचा, जबाबदार डॉक्टर तशा परिस्थितीत जे वागला असता, तसं हा वागला का, एवढंच कोर्ट बघतं. ही कसोटी इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यातून आली आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ती स्वीकारली. दोन उपचारांपैकी डॉक्टरनं एक निवडला आणि तो लागू पडला नाही, हा निष्काळजीपणा नव्हे. दुःखात हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. जो वकील पहिल्याच भेटीत हे सांगायचं धाडस करतो, त्याचं नाव लिहून ठेवावं.

आता आपल्याच मुलखातली एक खरी केस बघू. जुलै १९६३. औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. चंद्रिकाबाई नावाच्या बाई बाळंतपणासाठी तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखल झाल्या. १० जुलैला मुलगा झाला. पुढं मूल नको म्हणून १३ जुलैला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली. साधी शस्त्रक्रिया. पण लगेच ताप चढला, पोटात असह्य दुखायला लागलं. नवऱ्यानं मुख्य दवाखान्यातल्या एका नावाजलेल्या सर्जनना गाठलं. त्यांनी पोट पुन्हा उघडून बघायला सांगितलं, ते काही झालं नाही. १९ तारखेला प्रकृती फारच बिघडली तेव्हा त्याच सर्जननी टाके उघडले. आत शस्त्रक्रियेच्या वेळचा टॉवेल राहिला होता, पू साठला होता. २४ जुलैला बाई गेल्या.

नवरा अच्युतराव खोडवा आणि कुटुंबीयांनी दिवाणी दावा लावला, मागणी १,७५,००० रुपयांची. खालच्या कोर्टानं ३६,००० मंजूर केले. उच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं २० फेब्रुवारी १९९६ ला खालच्या कोर्टाचा निकाल कायम केला. त्या दिवशी, आई गेली तेव्हा चौदा दिवसांचं असलेलं ते बाळ बत्तीस वर्षांचं व्हायला हवं.

वकील निवडण्याच्या दृष्टीनं या केसमध्ये शिकण्यासारखं पुष्कळ आहे. वरवर पाहिलं तर इतकी सरळ केस दुसरी नसेल. पोटात टॉवेल राहिला, यात सिद्ध काय करायचं? पण दोन ठिकाणी गाडी अडली. एक, टॉवेल राहिला हे मान्य, पण मृत्यू त्यामुळंच झाला कशावरून? दोन, दवाखाना सरकारी, मग पैसे सरकारनं का द्यायचे? चूक कोणत्या हातानं केली ते आधी दाखवा. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पोटात टॉवेल राहणं ही गोष्ट स्वतःच बोलते. अशा वेळी आपण काळजी घेतली होती हे दाखवायची जबाबदारी दवाखान्यावर येते. आणि दवाखाना चालवणं हे काही सैन्य ठेवण्यासारखं सार्वभौम काम नाही, तेव्हा नोकरांच्या चुकीला सरकार जबाबदार.

म्हणजे निष्काळजीपणा दिसणं वेगळं, आणि निष्काळजीपणा, नुकसान आणि या दोहोंमधला दुवा असं तिन्ही सिद्ध करणं वेगळं. आपल्याकडचे अनेक चांगले, अनुभवी वकील पहिल्या भागावर जोर देतात. केस पडते ती बहुधा तिसऱ्यावर.

आपल्या भागात एक गफलत नेहमी होते. मोटार अपघाताच्या भरपाईचे वकील सगळीकडं आहेत, कारण रस्त्यांवर अपघात तसेच आहेत. ‘काँपेन्सेशनचे वकील’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तेच येतात आणि दवाखान्याची केसही त्यांच्याकडंच जाते. अपघाताच्या केसमध्ये पोलीस पंचनामा असतो, गाडीचा विमा असतो, वय आणि कमाई यांवरून रक्कम काढायचं ठरलेलं गणित असतं. दवाखान्याच्या केसमध्ये पंचनामा नाही. कागद आहेत ते समोरच्या पक्षानंच लिहिलेले. ते वाचून, नर्सनं किती वाजता बीपी लिहिलं आणि डॉक्टर किती वाजता आले यांच्यामधली चार तासांची फट ज्याला दिसते, तो खरा या कामाचा वकील. मोटार अपघाताच्या वकिलाला हे जमणारच नाही असं नाही. पण त्याला जमतं का ते विचारल्याशिवाय धरून चालू नये.

पुण्याची १९५३ ची एक केस कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला टॅक्सीनं पुण्याला आणलं आणि तिथं दवाखान्यात पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड बसवलं असं कोर्टाला आढळलं. मुलगा त्याच रात्री गेला. भरपाई किती, तर ३,००० रुपये, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९६८ मध्ये. याच निकालात न्यायालयानं डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: केस हाती घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो देताना काळजी. आजही वकील याच तीन खुंट्यांवर आपली केस टांगतात.

या खटल्यातला मुलाचा बाप स्वतः डॉक्टर होता, दौंडला प्रॅक्टिस करणारा. आणि भारतातल्या सगळ्यात मोठ्या भरपाईच्या केसपैकी एक, कोलकात्याची डॉ. कुणाल साहा यांची. पत्नी १९९८ मध्ये गेल्या, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई ठरवली. तिथंही तक्रारदार नवरा डॉक्टरच. मला हा योगायोग वाटत नाही. ज्याच्या घरात वैद्यकीय ज्ञान आहे त्याला कुठं बोट ठेवायचं ते कळतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात ते नाही. तेव्हा वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा: ‘साहेब, कागद वाचून मत देणारा डॉक्टर तुमच्या ओळखीत आहे का?’ अशा कामाचे वकील केस दाखल करण्याआधी त्याच शाखेच्या एखाद्या डॉक्टरला कागद दाखवतात. २०१० च्या व्ही. किशन राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं खरं, की प्रत्येकच केसमध्ये तज्ज्ञाची साक्ष लागते असं नाही. पण ते टॉवेल राहिल्यासारख्या उघड चुकांना लागू पडतं. रक्त पातळ करणारं औषध कधी थांबवायला हवं होतं, असल्या प्रश्नावर तज्ज्ञाशिवाय उभं राहणं म्हणजे केस सोडून देण्यासारखंच. आणि दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लिहून द्यायला जवळपासच्या गावातला डॉक्टर सहसा तयार होत नाही. म्हणून ही ओळख बाहेरगावची असलेली बरी.

दुसरा प्रश्न: ‘केस कुठं टाकणार, आणि तिथंच का?’ याच्या उत्तरावरून वकिलाचा अंदाज येतो. रस्ते चार आहेत. ग्राहक आयोग, दिवाणी कोर्ट, पोलीस आणि मेडिकल कौन्सिल. मेडिकल कौन्सिल डॉक्टरच्या नोंदणीबद्दल कारवाई करू शकतं, पैसे देववत नाही. पोलीस केसचं लोकांना फार आकर्षण. ‘डॉक्टरला आत टाकू’ असं म्हणणारे वकीलही भेटतात. पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारी गुन्ह्यासाठी साधा नव्हे, तर ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं मत आधी लागतं. डॉक्टरला उठसूट अटकही करता येत नाही. गंभीर प्रकरणात हा रस्ता आहेच. पण ज्या वकिलाला पहिला हाच सुचतो, त्याच्या मनात भरपाईपेक्षा दबाव आणून तडजोड करणं असू शकतं.

राहिले दोन. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात आणली. पण एक रेघ ओढली. जिथं सगळ्यांनाच उपचार मोफत मिळतात, तिथल्या सेवेवर ग्राहक तक्रार चालत नाही. म्हणजे चंद्रिकाबाईंसारखी घटना आज पूर्ण मोफत सरकारी दवाखान्यात घडली, तर दिवाणी कोर्टच. पण जो दवाखाना काही जणांकडून पैसे घेतो आणि काहींवर मोफत उपचार करतो, तिथला मोफत पेशंटही ग्राहक ठरतो. धर्मादाय, ट्रस्टचे, मिशनचे दवाखाने पुष्कळदा या गटात येतात. बिल विमा कंपनीनं भरलं असेल, तरीही पेशंट ग्राहकच. हा फरक वकिलाला तोंडपाठ हवा. ‘सरकारी आहे म्हणजे काही होत नाही’ किंवा ‘ग्राहक कोर्टात सगळंच होतं’, ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत.

आता सीमेवरच्या माणसांचा खास प्रश्न. १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तिकडं गेले, औराद इकडं राहिलं. नकाशा बदलला, सोयरिकी, बाजार आणि दवाखाने फारसे बदलले नाहीत. औरादचा पेशंट आजही उदगीरला जातो, लातूरला जातो, सोलापूरला, हैदराबादला जातो. मग तिथं चूक झाली तर प्रत्येक तारखेला लातूरला किंवा हैदराबादला जायचं का?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं हे सोपं केलं. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणं तक्रारदार जिथं राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दवाखाना लातूरचा, तक्रार बिदरला, चालतं. जुन्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. माझ्या ओळखीतल्या काहींना अजूनही ‘जिथं दवाखाना तिथंच केस’ असंच सांगितलं जातं. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, पण ही मर्यादा तुम्ही दवाखान्याला दिलेल्या पैशांवर मोजतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. दवाखान्याचं बिल चार लाख आणि मागणी साठ लाखांची असेल तरी बिदरलाच. आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायची फीही नाही. दिवाणी कोर्टात मात्र दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते.

मुदत मात्र कडक. घटनेपासून दोन वर्षं. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. वर्षश्राद्ध होऊ द्या मग बघू, असं आपल्याकडं म्हणतात; त्यात अर्धी मुदत गेलेली असते.

भाषेचा मुद्दा लोक बोलत नाहीत, पण तो मोठा आहे. केस पेपर इंग्रजीत, उदगीरच्या दवाखान्याचं संमतीपत्र मराठीत, बिदरच्या आयोगाचं कामकाज कन्नड-इंग्रजीत, आणि साक्ष द्यायची ती घरातल्या मराठी बोलणाऱ्या आजीनं. वकील यातल्या किमान तीन भाषांत वावरणारा हवा. शपथपत्र इंग्रजीत तयार होतं आणि आजी त्यावर अंगठा देते. त्यात काय लिहिलंय ते तिला मराठीत वाचून दाखवलं नसेल, तर उलटतपासणीत समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत तेच बाहेर काढतो. पुण्या-मुंबईचा नावाजलेला वकील करण्याआधी हा विचार करावा. माझं मत, मुख्य वकील बिदरचा किंवा कलबुर्गीचा असावा आणि गरज पडली तर वैद्यकीय बाजूसाठी मोठ्या शहरातल्या एखाद्याचा सल्ला घ्यावा. जिल्हा आयोगाच्या निकालावरचं अपील राज्य आयोगाकडं जातं. उच्च न्यायालयाचं खंडपीठ मात्र कलबुर्गीला आहे, २००८ मध्ये सर्किट बेंच म्हणून सुरू झालं आणि २०१३ पासून कायमचं. दिवाणी दाव्याच्या अपिलाला त्याचा उपयोग होतो.

पण असा वकील सापडायचा कसा, पाटीवर तर काही नाही? सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे निकाल वाचणे. ग्राहक आयोगांचे निकाल सरकारी पोर्टलवर कुणालाही वाचता येतात, आणि निकालाच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावं असतात. आपल्या जिल्ह्यातले दवाखान्यांविरुद्धचे चार-पाच निकाल काढा. कोण जिंकलं एवढंच बघू नका. जिंकलेली केस नशिबानंही जिंकलेली असते. तक्रारदाराच्या वकिलानं तज्ज्ञाचं मत जोडलं होतं का, डॉक्टरची उलटतपासणी घेतली का, की नुसतं ‘घोर निष्काळजीपणा’ असं दहा वेळा लिहून सोडून दिलं, हे निकालातून कळतं. हरलेल्या केसमध्येही चांगलं काम केलेला वकील दिसतो. घरात कॉलेजात शिकणारं कुणी असेल तर हे काम त्यानं करावं. इंग्रजी वाचता येतं, फोन हातात आहे.

दुसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या वकिलाला विचारणे. जमिनीचं काम बघणाऱ्या आपल्या घरच्या वकिलांनाच विचारा: ‘काका, तुमच्या स्वतःच्या घरात असं झालं असतं तर तुम्ही कुणाकडं गेला असता?’ ‘चांगला वकील सांगा’ असं विचारलं तर ते स्वतःचंच नाव सांगतील, त्यात त्यांचा काही दोष नाही. आयोगात जाऊन एक दिवस मागच्या बाकावर बसायलाही कुणी अडवत नाही. कुणाची तयारी असते आणि कोण नुसती पुढची तारीख मागतो, ते दुपारपर्यंत समजतं.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं? समजा एक शेतकरी आलेत आणि म्हणाले, ‘वकीलसाहेब, डॉक्टरनं माझ्या भावाला मारलं.’ चांगला वकील म्हणेल, ‘मामा, बसा आधी. पाणी घ्या. डिस्चार्ज कार्ड आणलंय का? केस पेपर मागितले होते का? पोस्टमॉर्टम झालं होतं?’ दुसरा म्हणेल, ‘पन्नास लाख कुठं गेले नाहीत, वकीलपत्रावर सही करा.’ मामांना दुसरा जास्त आवडतो, हीच अडचण आहे.

कागदांचं आधीच बघून ठेवावं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणं पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायला हवेत, आणि दवाखान्यात दाखल झालेल्या पेशंटचे कागद तीन वर्षं जपून ठेवायला हवेत. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी. वकिलाला मूळ कागद देऊ नयेत, झेरॉक्स द्याव्यात. मूळ कागद कोर्टात दाखवायची वेळ येईल तेव्हा बघू. डॉक्टरची पदवी काय, नोंदणी कुठली, हे तपासायला वकिलाला सांगावं. मुंबईच्या पूनम वर्मा खटल्यात होमिओपॅथीची पदवी असलेल्यानं ॲलोपॅथीची औषधं दिली आणि पेशंट दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्या पद्धतीचं शिक्षण नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, वेगळं सिद्ध करायची गरज नाही. तीन लाख भरपाई द्यायला लावली. आपल्या खेडोपाडी ही बाब किती केसेसना लागू पडेल ते मी सांगायला नको.

वकिलाची परीक्षा घ्यायला एक छोटा प्रश्न: ‘नोटीस मिळाल्यावर डॉक्टरला उत्तर द्यायला किती दिवस?’ उत्तर आहे तीस, आणि आयोगानं वाढवून दिले तर आणखी पंधरा. पंचेचाळीसच्या पुढं नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं हे पक्कं केलं. नेहमी आयोगात काम करणारा क्षणात सांगेल.

फीबद्दल मोकळेपणानं बोलावं, त्यात लाज नाही. ‘आत्ता काही नको, जिंकलो तर तीस टक्के’ हे ऐकायला गोड वाटतं, आणि परदेशात काही ठिकाणी अशी पद्धत आहे. आपल्याकडं निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. जो वकील आपल्याच व्यवसायाचा नियम मोडून सुरुवात करतो, तो तडजोडीच्या वेळी कुणाचं हित बघेल हा प्रश्नच आहे. ठरलेली फी, ती किती टप्प्यांत, तज्ज्ञ डॉक्टरची फी वेगळी की त्यातच, अपील झालं तर काय, हे एका कागदावर लिहून घ्यावं. कोऱ्या कागदावर सही करू नये, कितीही घाई असली तरी.

पैसेच नसतील तर? १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या १२ व्या कलमाखाली बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. नवऱ्याच्या मृत्यूची केस बायकोच्या नावानं असेल तर ती पात्र ठरते. जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, १५१०० या नंबरवर फोनही लागतो. अडचण एवढीच की पॅनेलवरचा वकील या विषयातला असेलच असं नाही. अर्ज देताना ‘वैद्यकीय निष्काळजीपणाचं प्रकरण आहे, अनुभवी वकील द्यावा’ असं स्पष्ट लिहावं. ग्राहक आयोगात वकिलाशिवाय स्वतःही उभं राहता येतं. फ्रिज बिघडल्याच्या तक्रारीला ते ठीक. दवाखान्याच्या केसमध्ये मी तो सल्ला देणार नाही.

इंजिनिअरनं चुकीचं डिझाइन दिलं म्हणून स्लॅब खचला, सीएनं मुदतीत विवरणपत्र भरलं नाही म्हणून दंड बसला, असल्या केसेसची रीतही थोडीफार हीच: त्या व्यवसायातला दुसरा माणूस कागद वाचून मत देतो आणि वकील त्या मताची केस करतो. वकिलांची बाब मात्र वेगळी निघाली. वकील निष्काळजी राहिला, मुदत चुकवली, तारखेला गेलाच नाही, तर ग्राहक आयोगात जाता येईल का, हा वाद बरीच वर्षं चालला. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या खटल्यात निकाल दिला: वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. डॉक्टर येतो, वकील येत नाही. हे बरोबर की चूक यावर आपल्या वादविवाद मंडळात एक दुपार सहज जाईल. व्यवहारात अर्थ एवढाच की वकिलानं केस बिघडवली तर राहतो तो दिवाणी दावा, किंवा वकिलांच्या कायद्याच्या ३५ व्या कलमाखाली राज्य बार कौन्सिलकडं गैरवर्तनाची तक्रार. दोन्ही लांबचे रस्ते.

म्हणून केस चालू असतानाच लक्ष ठेवावं. प्रत्येक तारखेनंतर काय झालं ते विचारावं, तारखांची वही ठेवावी, दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत घरी असावी. वकील बदलावासा वाटला तर बदलता येतो. आधीच्या वकिलांची ना हरकत घ्यायची आणि नव्या वकिलांचं वकीलपत्र दाखल करायचं. काही वेळा जुने वकील म्हणतात, राहिलेली फी द्या, मगच फाइल मिळेल. फाइल अशी अडवून ठेवता येत नाही, आर. डी. सक्सेना खटल्यात २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं आहे. फी खरंच बाकी असेल तर ती वसूल करायला वकिलाला वेगळा मार्ग आहे, फाइल पक्षकाराची. अशा वेळी भांडायला जाऊ नये. एक साधं पत्र लिहावं, रजिस्टर पोस्टानं पाठवावं आणि पोस्टाची पावती त्या तारखांच्या वहीतच डकवून ठेवावी.